वेषेतिहासाचीं साधनें आणि नाट्य-चित्रपटांची वेषयोजना

साष्टी बेटाच्या ईशान्य अंगास वसलेल्या मुलुंडांत महाकवि कालिदासाच्या नांवाचें एक नाट्यमंदिर आहे. गांवाच्या पश्चिमेस जे डोंगर दिसतात त्यांच्या पलीकडील अंगास कान्हेरीचीं लेणीं आहेत. उद्यां या नाट्यमंदिरांत शाकुंतलाचा प्रयोग करावयाचा ठरला, तर शकुंतलेस काय नेसवावें, हा प्रश्न वेषयोजकापुढें उभा राहील. सर्वांत जवळचा पुरावा म्हणून तो कान्हेरीच्या शिल्पांकडे वळला, तर कालिदासाच्या मागें दोन-अडीचशें वर्षें जाईल. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं शाकुंतल रंगभूमीवर आणिलें तेव्हांपासूनच्या मराठी प्रघाताकडे वळला, तर सुमारें दीड हजार वर्षें पुढें येईल. दोन्ही साधनें अस्सल आहेत, परंतु दोन्ही दुसऱ्याच काळाचीं आहेत. वेषेतिहासाची मुख्य अडचण ती हीच. साधनांचा तुटवडा नाहीं. कोणतें साधन कोणत्या गोष्टीची साक्ष देतें, याचा विवेक मात्र क्वचितच केला जातो.

या कामांत संशोधकांनीं व संग्राहकांनीं कसें साह्य करावें याचें एक जुनें उदाहरण इंग्लंडांत घडलें आहे. लंडनच्या कव्हेंट गार्डन नाट्यगृहांत १८२३ सालीं चार्ल्स केंबल यानें शेक्सपीअरचें ‘किंग जॉन’ हें नाटक केलें. त्याची वेषयोजना जे. आर. प्लांशे याजकडे होती. प्लांशेनें थडग्यांवरील प्रतिमा, राजमुद्रा व सचित्र हस्तलिखितें तपासून त्या राजाच्या काळचे पोशाख शिवविले. नटांस ते प्रथम हास्यास्पद वाटले. प्रेक्षकांनीं मात्र त्यांचें स्वागत केलें. या कामीं सॅम्युएल मेरिक व फ्रान्सिस डूस या दोन विद्वान् संग्राहकांनीं त्यास सल्ला व साहित्य पुरविलें. पुढें १८३४ सालीं प्लांशेनें ब्रिटिश वेषाचा इतिहासच लिहून काढिला. म्हणजे रंगभूमीची गरज आणि संग्राहकाचें औदार्य यांच्या योगानें एक नवी अभ्यासशाखा तेथें उभी राहिली. आपल्याकडे डॉ. मोतीचंद्र यांचा प्राचीन भारतीय वेषभूषेवरील हिंदी ग्रंथ १९५० सालीं व डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा भारतीय वेषावरील इंग्रजी ग्रंथ १९५१ सालीं प्रसिद्ध झाला. हे दोघेही विद्वान् मुंबईंत काम करणारे. मराठी दफ्तरांतील वेषविषयक मजकूर मात्र अद्याप बहुतांशीं रुमालांतच बांधलेला आहे.

वेषयोजकास मुख्यतः चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: वस्त्र कोणत्या काळचें, त्याची बेतणी कशी, कापड कोणतें, आणि तें कोणत्या दर्जाच्या माणसानें वापरावयाचें. कोणतेंही एक साधन या चारही प्रश्नांचें उत्तर देत नाहीं. हें ध्यानीं ठेवून साधनांचा क्रमानें विचार करूं.

१. शिल्प

कान्हेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत, म्हणजे मोठ्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर, स्त्रीपुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. तेथील लेखांत यज्ञश्री सातकर्णीचें नांव येतें. त्यावरून हें काम दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचें ठरतें. पुरुषांच्या मस्तकीं भरदार पागोटीं आहेत, कमरेस नेसूचें वस्त्र व त्यावर गुंडाळलेला शेला आहे. स्त्रियांच्या कमरेस मेखला, हातांत बांगड्यांच्या रांगा व पायांत जड तोडे आहेत. शिवलेलें वस्त्र दिसत नाहीं. सारा वेष नेसण्याचा व गुंडाळण्याचा आहे.

शिल्पाचा मोठा गुण हा कीं, तें जागचें हललेलें नसतें व त्याचा काळ लेखावरून बांधतां येतो. त्याचे दोषही तितकेच मोठे आहेत. रंग नाहीं, कापडाचा पोत नाहीं, आणि तलम वस्त्र दाखविण्यासाठीं शिल्पी केवळ त्याचे कांठ व घड्या कोरीत असल्यामुळें, अंगावर वस्त्र आहे कीं नाहीं, हेंच पुष्कळदां संशयित राहतें. शिवाय या जोड्या प्रत्यक्ष दात्यांच्या कीं केवळ मंगलसूचक मिथुनें, याविषयीं एकमत नाहीं. दुसरा पक्ष खरा असेल तर त्या वेषावरून व्यापाऱ्याचा नित्य पोशाख काढणें धोक्याचें होईल. नेसणीच्या घड्या पाहून आजच्या नऊवारीच्या कासोट्याचें मूळ तेथें शोधण्याचाही मोह होतो. परंतु मधल्या सतरा-अठरा शतकांतील दुवे दाखविल्यावांचून सादृश्यास वंशपरंपरा म्हणतां येत नाहीं.

कालिदासाकरितां त्याच्या ग्रंथाकडेच प्रथम गेलें पाहिजे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत वल्कल फार घट्ट बांधल्याची शकुंतला तक्रार करिते व सखी तें सैल करिते. चौथ्या अंकांत वृक्षांकडून क्षौम वस्त्र प्राप्त होतें. ग्रंथ अशा रीतीनें कापड व प्रसंग सांगतो. आकार सांगत नाहीं. आकारासाठीं त्याच्या काळास जवळचीं अशीं अजिंठ्याच्या वाकाटककालीन लेण्यांतील चित्रें आहेत. ग्रंथ व चित्र हीं एकमेकांशेजारीं ठेवूनच वेष सिद्ध होईल.

याच अजिंठ्याच्या चित्रांचा आधार भानु अथैया यांनीं ‘आम्रपाली’ या १९६६ च्या हिंदी चित्रपटासाठीं घेतला. या कोल्हापुरांत १९२९ सालीं जन्मल्या, आणि ‘गांधी’ चित्रपटाच्या वेषयोजनेसाठीं १९८३ सालीं ऑस्कर पारितोषिक मिळवून तो मान मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. आम्रपाली ही बुद्धाची समकालीन; अजिंठ्याचीं तीं चित्रें त्यानंतर सुमारें हजार वर्षांचीं. बुद्धकाळचें एकही चित्र उपलब्ध नसल्यामुळें ही निवड समर्थनीय आहे. परंतु असा वेष पाहून ‘बुद्धकाळीं असें नेसत’ असें कोणीं लिहूं लागल्यास मात्र इतिहासाचा पाय घसरला असें म्हणावें लागेल.

२. चित्र

अव्वल मराठेशाहीकडे येतांच चित्रांचा पुरावा हातीं लागतो, आणि त्याबरोबर त्याचे धोकेही. श्रीशिवछत्रपतींचें म्हणून दीर्घकाळ प्रचारांत असलेलें एक चित्र वस्तुतः इब्राहिमखान नांवाच्या दुसऱ्याच पुरुषाचें होतें. वा. सी. बेंद्रे यांनीं डच ग्रंथकार व्हॅलेंटाइन याच्या अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणांत छापलेल्या ग्रंथांतील चित्र १९३३ सालीं पुढें आणिलें, तेव्हां लोकांच्या डोळ्यांपुढील प्रतिमा पालटली. केवळ चेहराच नव्हे, तर पोशाखही त्याबरोबर पालटला, हें येथें विशेष लक्षांत घ्यावयाचें. आम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय संग्रहालयांतील दक्षिणी चित्रसंग्रहांत, तसेंच मनुचीनें मीर मुहम्मद याजकडून १६८६ पूर्वीं काढविलेल्या व आतां पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत असलेल्या संग्रहांत महाराजांचीं चित्रें आहेत. हीं चित्रें काळानें जवळचीं आहेत, म्हणून त्यांचें मोल मोठें. तथापि दक्षिणी चित्रकार दरबारी पुरुषांस ठरीव धाटणीचे जामे व कमरपट्टे चढवीत असत. एकाच हातच्या दहा चित्रांत एकच जामा दिसला, तर तो त्या दहा पुरुषांचा नसून चित्रकाराचा आहे असें समजावें.

जाम्याच्या बंदांविषयीं एक सूक्ष्म गोष्ट सांगण्यासारखी आहे. जामा अंगाभोंवतीं घेऊन कांखेखालीं बांधीत. हिंदूंनीं डाव्या बाजूस व मुसलमानांनीं उजव्या बाजूस बांधण्याची रूढि होती. चित्रांतील पुरुष ओळखण्यास ही खूण उपयोगी पडते. परंतु ताम्रपत्रावर मूळ चित्र जसेंच्या तसें कोरलें तर छापील प्रतींत डावें तें उजवें होतें. म्हणून युरोपांत छापलेल्या चित्रावरून बंदांची बाजू ठरविण्यापूर्वीं तरवार कोणत्या हातीं आहे व म्यान कोणत्या कमरेस आहे, हें अवश्य पाहावें. तींही उलटीं असतील तर चित्रच उलटलें आहे.

उत्तर पेशवाईसाठीं जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचें साक्ष्य महत्त्वाचें आहे. तो १७९१ सालीं मुंबईस आला व पुढील वर्षीं पुण्यास गेला. सवाई माधवराव, नाना फडणवीस व महादजी शिंदे यांचीं चित्रें त्यानें काढिलीं. पुण्याचा गंगाराम तांबट हा कुशल कारागीर त्याच मंडळींत होता. कान्हेरीच्या रेखाटनांत गुंतलेला असतां वेल्स १७९५ सालीं या साष्टी बेटावरच मरण पावला. त्याच्या कच्च्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियल यानें लंडनांत १८०५ सालीं पेशव्यांच्या दरबाराचें एक भव्य तैलचित्र रंगविलें. चार्ल्स मॅलेट हा १७९० सालीं पेशव्यांशीं तह पुरा करीत आहे, असा त्याचा विषय. आतां हिशेब करावा. तह १७९० चा. वेल्स पुण्यास आला १७९२ सालीं. चित्र पुरें झालें १८०५ सालीं, आणि तें रंगविणारा त्या दरबारीं नव्हताच. तेव्हां हें चित्र १७९२ ते १७९५ या काळांतील पुणें दरबारच्या पागोट्यांचा व जाम्यांचा उत्तम पुरावा होय. तहाच्या दिवशीं कोण काय ल्याला होता, याचा तो पुरावा नव्हे.

३. शब्द आणि यादी

चित्र आकार दाखवितें. कापडाचें नांव, किंमत व दर्जा कागदांतूनच कळतो. छत्रपतींच्या आज्ञेनें रघुनाथ पंडितानें रचिलेल्या राजव्यवहारकोशांत दरबारीं रूढ असलेल्या फारसी-यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, पण्यवर्ग इत्यादि त्याचे विभाग आहेत. याचें महत्त्व प्रतिशब्दांत नसून, ज्यांस प्रतिशब्द द्यावे लागले त्या शब्दांत आहे. कारण तेच शब्द व त्याच वस्तू त्या वेळीं नित्य वापरांत होत्या. याच्याशीं तुलना करण्याजोगी गोष्ट ऐने-अकबरींत आहे. अकबरानें जाम्यास ‘सर्वगति’ व पादत्राणास ‘चरणधरण’ अशा धर्तीचीं देशी नांवें दिल्याचें अबुल फजल सांगतो. नांवें बदललीं तरी बेतणी बदलली नाहीं. केवळ संस्कृत नांवावरून वस्त्र प्राचीन ठरविणाऱ्यांनीं हें विसरूं नये.

बखरींविषयीं काळाची सावधगिरी अधिकच हवी. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत जिंजीस लिहिली गेली; तिच्यांतील कारखाने व संग्रह यांची नोंद प्रत्यक्ष पाहणाऱ्या पिढीची आहे. मल्हार रामराव चिटणिसाची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींची. तिच्यांत पोशाखाचें वर्णन आलें तर तें प्रथम लेखकाच्या काळचें समजावें.

सर्वांत मोठी खाण मात्र पेशवे दफ्तराची आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतील निवडक कागद ४५ भागांत छापिले. परंतु निवड मुख्यतः राजकारणाच्या दृष्टीनें झाली. रोजकीर्दी व जमाखर्च यांत सणावारचीं, लग्नमुंजींचीं व बहुमानाचीं वस्त्रें नगवार व किमतीवार लिहिलेलीं असतात. ‘वस्त्रें देणें’ याचा अर्थच मुळीं पदावर नेमणें असा होता; पहिल्या बाजीरावास १७२० सालीं पेशवेपदाचीं वस्त्रें मिळालीं, असें आपण आजही म्हणतों. सिरपाव म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंतचा पोशाख. त्यांत चिरा किंवा पागोटें, शेला, जामेवार, किनखाब असे नग असत, आणि त्यांची संख्या व किंमत घेणाऱ्याच्या योग्यतेप्रमाणें कमी-अधिक होई. म्हणून सिरपावाची एक तारीखवार यादी ही एकाच वेळीं काळ, कापड आणि दर्जा या तीन प्रश्नांचें उत्तर देते. रंगमंचावर शिलेदारास व सरदारास एकाच ठाणाचा जामा घालणाऱ्या वेषयोजकानें अशी एक यादी जरी वाचली, तरी त्याची चूक सुधारेल.

निषेधाचा कागद हाही पुरावाच असतो. गोव्याच्या इन्क्विझिशननें १७३६ सालीं काढलेल्या हुकुमांत देशी ख्रिस्ती पुरुषांस पुडवें नेसण्याची व स्त्रियांस चोळी घालण्याची मनाई आहे. जें कोणी घालीतच नाहीं त्याची मनाई कोणी करीत नाहीं. धर्मांतरानंतर अनेक पिढ्या उलटल्यावरही नेसणी पालटली नव्हती, असें या मनाईवरूनच सिद्ध होतें. साष्टी व वसई मराठ्यांनीं १७३७ ते १७३९ या वर्षांत घेतलीं. त्या मोहिमेवर नाटक अथवा चित्रपट रचणाऱ्यानें स्थानिक ख्रिस्ती रयतेस सरसकट फिरंगी पोशाख घालण्यापूर्वीं या कागदाचा विचार करावा.

शब्दांच्या अर्थासाठीं मोल्सवर्थचा कोश, विशेषतः १८५७ ची दुसरी आवृत्ति, हाताशीं असावी. पेशवाई बुडून चाळीसही वर्षें झालीं नव्हतीं, तेव्हां हे शब्द लोकांच्या तोंडीं होते. कित्येकदां नांवच बेतणी सांगतें. बाराबंदी म्हणजे बारा बंदांची. तिला गुंडी लावली कीं ती बाराबंदी राहिली नाहीं. पागोटें वेळोवेळीं बांधावयाचें. पगडी बांधून तयार ठेवावयाची. या भेदाकडे दुर्लक्ष केल्यामुळेंच उत्तर पेशवाईची चक्री पगडी पुष्कळदां शिवकालीन कारकुनाच्या डोक्यावर चढलेली दिसते.

४. प्रत्यक्ष वस्त्र

बेतणीचा निर्णय अखेर प्रत्यक्ष वस्त्रावरूनच होतो. इंग्लंडांत जॅनेट आर्नल्ड या विदुषीनें संग्रहालयांतील जुनीं वस्त्रें शिवण न उसवतां मोजून त्यांचे नकाशे काढिले व ते १९६४ पासून प्रसिद्ध केले. आज तेथील वेषयोजक त्यांवरच विसंबतात. पुण्यास दिनकर गंगाधर केळकर यांनीं जन्मभर खपून जमविलेल्या संग्रहांत वस्त्रांचाही भरणा आहे, आणि मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांतही वस्त्रें आहेत. प्रत्येक जाम्याची घेराची कळी किती, बाही कोठें जोडली, अस्तर कोणतें, बंद किती, हें मोजून छापल्यास रंगभूमीवर मोठे उपकार होतील.

वस्त्राचा काळ ठरवितांना रंग हा खरा साक्षी होय. कृत्रिम रंगाचा शोध १८५६ सालीं विल्यम पर्किन यानें लाविला. त्यापूर्वींचें कापड नीळ, मंजिष्ठ, लाख, हळद, कुसुंबा यांनींच रंगत असे. घराण्यांत पेशवाईचा म्हणून जपलेला एखादा शेला कृत्रिम रंगाचा निघाला, तर घराण्याची आठवण खोटी ठरत नाहीं. तो शेला मात्र निदान दोन पिढ्या अलीकडचा ठरतो.

५. रंगभूमी हेंच साधन

शेवटीं एका मोहक साधनाविषयीं. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ सालीं मुंबईंत निघाला व पुढें मळवलीस गेला. त्याच्या छापील चित्रांतील देवता व पौराणिक नायिका पुष्कळदां महाराष्ट्रीय धर्तीचें लुगडें नेसलेल्या आहेत. घरोघरीं हीं चित्रें लागल्यामुळें तोच वेष पुराणकालीन असें लोकांस वाटूं लागलें. बालगंधर्वांची १९१६ सालच्या ‘स्वयंवरां’तील रुक्मिणीही मौल्यवान् शालू-पैठण्यांत वावरली, आणि त्यांची नेसण पाहून घरंदाज स्त्रियांनीं आपली नेसण सुधारली. या भूमिकेचीं छायाचित्रें द्वापारयुगाचीं साधनें नव्हेत; पण १९१६ च्या सुमाराच्या महाराष्ट्रीय अभिरुचीचीं तीं पहिल्या प्रतीचीं साधनें आहेत. एका पिढीची वेषयोजना पुढच्या पिढीस पुरावा वाटूं लागते, हाच या विषयांतील खरा धोका. आजचा चित्रपट कालच्या चित्रपटावरून पोशाख उचलतो, आणि मूळ कागद व वस्त्रें यांकडे कोणी जात नाहीं.

६. संग्राहकांस विनंति

म्हणून या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें कांहीं गोष्टी आग्रहानें मांडावयाच्या आहेत. जुन्या घराण्यांचीं दफ्तरें पाहतांना सनदा, महजर व राजकारणी पत्रें तेवढीं उचललीं जातात. शिंप्याचा हिशेब, रंगाऱ्याची चिठी, आहेराची यादी, कापडदुकानाची वही हे कागद क्षुल्लक म्हणून मागें राहतात. साष्टींतील व मुंबई-ठाण्यांतील जुनीं घरें पाडलीं जात असतां हेच कागद प्रथम रद्दींत जातात. राजकारणी पत्राची नक्कल दुसऱ्या बाजूच्या दफ्तरांत सांपडण्याचा संभव असतो. शिंप्याच्या हिशेबाची दुसरी प्रत कोठेंही नसते.

असा कागद मिळतांच तो मूळ जुडग्यांतून वेगळा काढूं नये; तारीख नसलेल्या यादीचा काळ तिच्या शेजारच्या कागदावरूनच बांधतां येतो. नगांचीं नांवें, मोजमाप व किंमत यांची अक्षरशः नक्कल करून ठेवावी. अपरिचित शब्द सुधारूं नये. वस्त्र व त्याविषयींचा कागद एकाच घरीं असल्यास दोन्ही एकाच संग्रहांत जावीं असा यत्न करावा. निरनिराळ्या गिऱ्हाइकांस विकलीं गेलीं म्हणजे दोघांचीही साक्ष निम्मी होते.

आणखी एक गोष्ट नेहमीं दृष्टीआड होते. दफ्तर ज्या रुमालांत बांधलेलें असतें तो रुमाल हें स्वतःच जुनें कापड आहे, आणि तो मूळचाच असेल तर आंतील कागदांच्या तारखा त्याच्या काळाचा अंदाज देतात. कागद काढून घेऊन फाटका रुमाल फेंकून देण्याची चाल आहे. यापुढें तो धुवूं नये, फेंकूं नये. कोणत्या सालच्या कागदांवर होता एवढें चिठीवर लिहून निराळा जपावा. तारीख सांगतां येण्याजोगें साधें, नित्य वापराचें मराठी कापड शोधावयाचें झाल्यास तें राजवाड्यांच्या जामदारखान्यांपेक्षां अशा दफ्तरांच्या बांधणींतच अधिक सांपडेल.